नवा प्राणी आला, पण खेळ बदलला का?

ठोकळ्यांचे जग खणत-बांधत खेळायच्या माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेमचे नवे अपडेट आले की त्यात खेळण्यासारखे काही आहे की नाही, यावर खेळाडूंमध्ये वाद सुरू होतो आणि बहुतेक वेळा तो किती प्राणी आले, किती ठोकळे आले, या मोजदादीवर येऊन अडकतो. ही मोजदाद मला निरर्थक वाटते. आपण वर्षानुवर्षे एका ठरावीक रीतीने करत आलेले काम नव्या वस्तूमुळे वेगळ्या रीतीने करावेसे वाटू लागले, तरच त्या अपडेटने खेळात भर घातली असे मी मानतो.

मार्च 2013 मधल्या रेडस्टोन अपडेटमध्ये आलेला हॉपर हे याचे उत्तम उदाहरण आहे. पाच लोखंडी इनगॉट (वितळवून केलेल्या विटा) आणि एक पेटी एवढ्यावर तयार होणारे हे नरसाळे दिसायला अगदीच सामान्य आहे. पण वर पडलेली वस्तू ते स्वतः उचलते, खालच्या पेटीत किंवा भट्टीत टाकते, आणि त्यामुळे शेत, भट्टी व कोठार ही तोवर सुटी असलेली कामे एका साखळीत आली. नोव्हेंबर 2021 च्या 1.18 आवृत्तीचेही तसेच आहे. जग खाली 64 ठोकळे खोल आणि वर 64 ठोकळे उंच झाले, हा झाला आकडा. खरा फरक असा की हिऱ्यांसाठी अकराव्या पातळीवर सरळ बोगदा खणायचा, हा आम्हा जुन्या खेळाडूंच्या हाताला बसलेला नियम एका दिवसात कालबाह्य झाला आणि सगळ्यांना उणे 59 च्या आसपास नव्याने खणायला शिकावे लागले.

याउलट स्निफर पाहा. नवा प्राणी निवडण्यासाठी खेळाडूंच्या झालेल्या 2022 च्या मतदानात जिंकून 2023 मध्ये आलेल्या या प्राण्याचे अंडे उबदार समुद्राच्या तळाशी असलेल्या अवशेषांतली वाळू ब्रशने झाडून मिळवावे लागते, ते उबवावे लागते, पिल्लू मोठे होऊ द्यावे लागते, आणि एवढ्या उस्तवारीनंतर तो जमीन हुंगून दोन प्रकारच्या शोभेच्या झाडांचे बी काढून देतो. त्या फुलांपासून रंग मिळतो हे खरे, परंतु तोच रंग दुसरीकडूनही मिळतो. गड्ड्याच्या जत्रेतून हौसेने आणलेल्या खेळण्यासारखी त्याची गत होते. दोन दिवस कौतुक, मग माळ्यावर. पुढच्याच वर्षी मतदानात खेकडा हरला, ज्याच्या नांगीमुळे लांबवर ठोकळे ठेवता येणार होते, म्हणजे बांधकामाची पद्धतच बदलली असती. जिंकला तो आर्माडिलो, आणि त्याच्यापासून मिळते काय, तर पाळीव लांडग्याचे चिलखत. हे मतदान 2024 मध्ये बंद झाले, ते बरेच झाले.

माझ्या पुतणीला हे सगळे मान्य नाही. एप्रिल-मेच्या दुपारी सोलापुरात घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसते, त्या सुट्टीत ती आपला भुईकोट किल्ला माइनक्राफ्टमध्ये बांधते आहे, आणि तिचे म्हणणे असे की, काका, तुम्ही ज्याला सजावट म्हणता तोच माझा खेळ आहे. तिच्या दुहेरी तटबंदीकडे नीट पाहिल्यावर यातला बराचसा भाग मला पटला. पूर्वी काळ्या दगडाची भिंत उभारायची तर करडा दगड किंवा कोळशाचा ठोकळा यांवरच भागवावे लागे. आता तिच्या तटाच्या पायथ्याला डीपस्लेट आहे, वरच्या थरात ब्लॅकस्टोन आहे, आणि झिजलेल्या भागात मुद्दाम टफ विटा मिसळलेल्या आहेत. एक नवा दगड हजारो वेळा वापरला जातो, प्रत्येक वेळी तो कशाच्या शेजारी ठेवायचा याचा विचार करावा लागतो. म्हणून ठोकळ्यांना मी सजावट म्हणून हिणवणार नाही. माझी तक्रार आहे ती एकच काम करणाऱ्या आणि कशाशीही न जोडलेल्या प्राण्यांबद्दल.

या साऱ्या भरतीचा भार शेवटी खेळाडूच्या पाठीवर येतो. खेळातल्या वस्तू कितीतरी पटींनी वाढल्या, पण सामान ठेवायच्या जागा अजून 36 च आहेत. त्यावरचा तोडगा म्हणून 2020 मध्ये जाहीर झालेली बंडल नावाची थैली प्रत्यक्षात हाती पडायला 2024 उजाडले. अपडेट फुकट असतात, तेव्हा पैशांची कुरकुर करता येत नाही. मात्र स्वस्तातल्या फोनवर जागा करण्यासाठी लग्नाचे व्हिडिओ कोणी पुसायचे यावरून घरात होणारी भांडणे वेगळी.

माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांग कंपनीची अडचण मला कळत नाही असे नाही. 2016 मध्ये त्यांनी लढाईची पद्धत मुळातून बदलली, दोन वारांमध्ये थांबणे भाग पाडले, आणि चिडलेले कित्येक खेळाडू आजही 1.8 या त्याआधीच्या आवृत्तीला चिकटून आहेत. खोलवर हात घातला की जुने लोक दुखावतात, नवा बेडूक दिला की कोणीच दुखावत नाही. तरीही अलीकडच्या लहान अपडेटमध्ये थोडा शहाणपणा दिसतो. 2021 मध्ये आलेले तांबे चार वर्षे जवळजवळ शोभेपुरतेच होते. 2025 मध्ये तांब्याची हत्यारे आली आणि तांब्याच्या पेटीतले सामान नेऊन इतर पेट्यांत लावणारा गोलेम हा चालता पुतळाही आला. त्याच वर्षीच्या हॅपी घास्ट या उडत्या प्राण्याच्या पाठीवर उभे राहून उंच बुरूज बांधता येतो, म्हणजे तो प्राणी असूनही कामाचा आहे.

आता राहिले फ्लेचिंग टेबल, म्हणजे नावापुरते बाण बनवायचे टेबल. 2019 पासून ते गावागावांत आहे, गावकऱ्याला बाण विकण्याचा धंदा मिळवून देते, आणि आपण त्यावर काहीही बनवू शकत नाही. एकही नवा प्राणी न आणता नुसते हे टेबल चालू केले, बाणांचे चार निराळे प्रकार त्यावर जुळवता आले, तर ते अपडेट मी डोक्यावर घेईन. पुतणीला मात्र काळ्या दगडाचे कोरीव झरोके हवे आहेत, आणि तिच्या यादीत बाण कुठेच नाहीत.