काखेतला टॉवेल

आज सकाळी फिरून झाल्यावर सोलापूरच्या पार्क चौकात चहा घेत होतो, तेवढ्यात आमच्यातल्या एकानं मोबाईल काढून सगळ्यांसमोर धरला. त्यात मी. दोन्ही काखांत एकच टॉवेल आडवा दाबलेला, गुडघे वाकलेले, मान खाली, हातात काठी. "बघा बे, हा पुण्याला अंघोळीला गेलता!" सगळे खो-खो हसले. चहावालापण हसला. मीही हसलो, आणि तेच सकाळपासून डोक्यात बसलंय. मी का हसलो?

फोटो बाहेर कसा फुटला ते सांगतो. आमच्या चिरंजीवांनी स्टेटसला टाकला होता. मी मित्रांना सांगून गेलो होतो, पोराकडं चाललोय. खोटं नव्हतं ते, पण पूर्णही नव्हतं. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून मी गेलो होतो गोल्फचा स्विंग, म्हणजे काठी फिरवून बॉल मारायची पद्धत, सुधारायला. एक तास, एक कोच, एक विद्यार्थी. विद्यार्थ्याचं वय चोपन्न.

मग पुढचा प्रश्न आलाच. किती घेतले बे? दोन हजार म्हणालो. तासाला? तासाला. क्षणभर सगळे गप्प. मग एकजण म्हणाला, "त्यात वर्षभराची शेंगाचटणी झाली असती." दुसरा म्हणाला, "यूट्यूबवर फुकट असतंय की सगळं." तिसऱ्यानं तर निकालच दिला, "ह्या वयात काय करायलास बे शिकून?"

आता हे तिघंही माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये आहेत. वाचा निवांत.

यूट्यूबचं आधी घेतो. दोन वर्षं मी तेच केलं. गच्चीवर जाळी बांधली, खाली जुनं पायपुसणं टाकलं, सेकंडहँड सेव्हन आयर्न, म्हणजे गोल्फची एक लोखंडी काठी, घेतला आणि रोज संध्याकाळी कारखान्यातून आलो की तीस-चाळीस बॉल मारायचे. जाळीत मारलेला प्रत्येक बॉल चांगलाच वाटतो, कारण तो दहा फुटांवर थांबतो. पुढं तो कुठं गेला असता, हे जाळी सांगत नाही. एकदा एक जाळीच्या बाजूनं निसटला आणि शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर धाडकन बसला. आमच्या भागात नळाला पाणी येतं चौथ्या-पाचव्या दिवशी. टाकीला तडा गेला असता तर वहिनींनी मला जिवंत ठेवलं नसतं, आणि सोलापुरातल्या कुठल्याही माणसानं त्यांचीच बाजू घेतली असती. मीसुद्धा.

मग ज्वारी निघाल्यावर मंद्रूपकडं चुलतभावाच्या रानात जाऊन मारले. चौदा बॉल नेले, अकरा ढेकळांत गेले. सगळे उजवीकडंच गेले असणार, पण मी शोधत होतो समोर.

पुण्यात पहिल्यांदा मोकळ्या रेंजवर, म्हणजे बॉल मारायच्या सरावाच्या मैदानावर, उभा राहिलो. कोच म्हणाला, "सर, पाच मारा. मी काही बोलणार नाही." मारले. पाचही डावीकडं निघाले आणि हवेत केळ्यासारखे वळून उजवीकडं पडले. दोन वर्षांत पहिल्यांदा मला माझा बॉल दिसला. खरं सांगतो, लाज वाटली. पोरगा मागं बाकावर बसलेला.

मी लगेच म्हणालो, "माझं डोकं वर होतंय ना?" कारण यूट्यूबवर सगळे तेच ओरडतात, डोकं वर करू नका. कोच म्हणाला, "डोकं राहू द्या सर. हात बघू." आणि त्यानं माझा डावा अंगठा चिमटीत धरून उजवीकडं फिरवला. इतकंच. मी क्लब, म्हणजे ती काठी, बॅटसारखा तळव्यात धरत होतो, तो बोटांत धरायचा असतो. वरून बघितलं तर डाव्या मुठीचे दोन उंचवटे दिसायला हवेत; माझा जेमतेम एक दिसायचा. अशी पकड असली की बॉलपाशी येताना क्लबचं तोंड उघडं राहतं. वर आमची पार्क मैदानावरची टेनिस बॉलची सवय, बाहेरून आत कापत मारायची. तोंड उघडं आणि वाट तिरकी, मग बॉल उजवीकडं नाही तर कुठं जाणार?

यूट्यूबनं मला पकड कशी असावी ते शंभर वेळा दाखवलं. माझी पकड कशी आहे, हे त्यानं एकदाही बघितलं नाही. दोन हजार त्या बघण्याचे आहेत रे बाबांनो.

आता टॉवेल. कोचनं पिशवीतून एक टॉवेल काढून माझ्या छातीवरून आडवा दोन्ही काखांत दाबायला लावला. हात अंगापासून सुटले की टॉवेल पडतो. म्हणजे मारायचं ते हातानं नाही, अंग वळवून. आणि पूर्ण फिरवायचं नाही, कमरेपासून कमरेपर्यंतच. मी काय केलं, टॉवेल हातात घेतल्या घेतल्या कडा उलटून बघितली. सव्वीस वर्षं टेरी टॉवेलच्या कारखान्यात काढली आहेत, हात ऐकत नाही. चारशे जीएसएमच्या (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपासचा, लूप जागोजागी ओढलेले, एका बाजूची शिवण उसवत आलेली. कोच म्हणाला, "सर, टॉवेल बघायला आलाय का?" पोरगा तिकडं हसून लोळत होता. त्याच वेळी त्यानं तो फोटो काढला असणार.

टॉवेल सात वेळा पडला. सात वेळा मी वाकून उचलला. कारखान्यात माझ्या हातून काही पडलं तर उचलायला तीन माणसं धावतात. तिथं कोच नुसता उभा होता, हाताची घडी घालून.

आणि मग टॉवेल काखेत असतानाच एक बसला. आवाजच वेगळा. हाताला काही लागलंच नाही, लोण्यातून सुरी गेल्यासारखं. तो बॉल असतो जेमतेम सेहेचाळीस ग्रॅमचा, क्लब त्याला चिकटून असतो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ, आणि तरी तेवढ्यात हाताला कळतं की हा बरोबर होता. बॉल सरळ गेला. फार लांब नाही, पण सरळ. तासात चाळीसेक मारले असतील, असे सहा बसले. मी मोजले. जाळीतल्या दोन वर्षांत असा एकही आठवत नाही.

गोल्फ श्रीमंतांचा खेळ आहे, हे मला माहीत आहे. हिरवळीला पाणी लागतं आणि आपण ओळीनं घागरी लावणारी माणसं, हेही मान्य. बरं, पुढं चला.

पण मला राग वेगळ्याच गोष्टीचा आलाय. पोराच्या अकरावी-बारावीच्या क्लासला लाख-दीड लाख भरताना ह्यातल्या एकानंही हूं की चूं केलं नाही. उलट मला पत्ता विचारायला आले होते. हळदीला डीजे लावायला पैसे असतात. आपण पाच जण मिळून एका हुरडा पार्टीत दोन हजार उडवतो तेव्हा चटणीचा हिशेब कुणी काढत नाही. पण पन्नाशीच्या माणसानं स्वतःच्या पैशानं, स्वतःसाठी, ज्यातून एक रुपया परत येणार नाही असं काही शिकायचं म्हटलं की त्याच्या काखेतला टॉवेल दिसतो! पॉली उम्रीगर ज्या गावात जन्मले त्या गावात तुम्ही राहता. कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक करणारा माणूस. त्यांच्या हातात बॅट काय आईच्या पोटातून आली होती? कुणीतरी कोपर धरून वर केलंच असेल ना?

आणि हो, चटणीवाल्या, तुला आठवण करून देतो. ७ ऑगस्ट २०२१. टोकियो ऑलिंपिक. शनिवारी सकाळी सकाळी तुझा मला मेसेज, "बर्डी म्हंजे काय बे?" अदिती अशोक खेळत होती. तिचं कांस्य एका फटक्यानं हुकलं, चौथी आली, आणि तू मला फोन करून हळहळलास. एका फटक्यानं! तेव्हा गोल्फ देशाचा होता. संध्याकाळी नीरज चोप्राचं सोनं आलं आणि सकाळचं सगळं तू विसरलास. ठीक आहे, मीपण त्या रात्री पेढेच वाटत होतो.

जास्त लिहिलं का? चहा घेऊन आलो. थोडा शांत झालोय.

कोचबद्दल सांगायचं राहिलं. पस्तिशीचा असेल. वडील तिथंच गवत कापायला होते, हा शाळा सुटल्यावर लोकांच्या पिशव्या उचलायचा, कॅडी म्हणून. बघून बघून शिकला. म्हणजे तुमचं "बघून शिकता येतं" हे त्याच्या बाबतीत खरं आहे. पण तो रोज शाळेनंतर तासन्‌तास माणसं बघत होता, वर्षानुवर्षं, आणि वय होतं बारा. माझ्याकडं तेवढी वर्षं नाहीत. म्हणून त्याची विकत घेतली.

त्यानं अंगठा फिरवला तेव्हा मला एकदम अण्णा आठवले. आमचे अण्णा गिरणीत विणकर होते, हे तुम्हाला माहीत आहे. सुट्टीत घरी सुताचे तुकडे घेऊन मला गाठ शिकवायचे. ताण्याचा धागा तुटला की मारतात ती बारीक गाठ, जी फणीतून अडकल्याशिवाय गेली पाहिजे. माझी गाठ नेहमी जाडी व्हायची. ते तोंडानं काही सांगायचे नाहीत. माझं बोट आपल्या बोटात घ्यायचे आणि वळवायचे. हाताला सुताचा आणि तेलाचा वास. "असं न्हाई. असं." मग पुन्हा. पुन्हा. चुकलं म्हणून कधी हसले नाहीत.

त्यानंतर माझं बोट धरून "असं नाही, असं" म्हणणारं कुणी भेटलंच नाही. कारखान्यात चुकलो तरी "हो साहेब" म्हणतात. घरी चुकलो तर भांडण होतं, शिकवणी होत नाही. पुण्यात एका पोरसवदा माणसानं माझा अंगठा धरला आणि चाळीस वर्षांनी मी पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली होतो. ते इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं. परतीच्या गाडीत दौंड जाईपर्यंत मी डाव्या मुठीचे उंचवटेच मोजत बसलो होतो. समोरच्या सीटवरची आजी शेवटी म्हणाली, "हात दुखतोय का वो?"

म्हणून सकाळी हसलो त्याचा राग आहे. तुमच्यावर थोडा, माझ्यावर जास्त. मी म्हणायला पाहिजे होतं, हो, गेलतो, टॉवेल काखेत धरला, सात वेळा पडला, सहा बॉल बसले. त्याऐवजी मी म्हणालो, "अरे असंच, टाइमपास." अण्णांनी शिकवलेल्या गाठीला टाइमपास म्हणाल्यासारखं वाटलं मला नंतर.

पुढच्या महिन्यात दुसरा तास आहे. सांगून जाणार. कोच म्हणालाय, रोज वीसच मारा, टॉवेल लावून, अर्धेच. पूर्ण स्विंग करायची अजून परवानगी नाही. आणि ह्या वेळी टॉवेल मी इथून नेणार आहे, पाचशे जीएसएमचा, दुहेरी शिवणीचा. त्याचा तो बघवत नव्हता.

चटणीवाल्या, तू येणार असशील तर सांग, दोन तिकिटं काढतो. हसायला आलास तरी चालेल, फक्त बाकावर बसायचं, पोराशेजारी.

थांबतो. वारा सुटलाय आणि घरातून हाक आलीय, "अहो, ती जाळी सोडून आणा आधी, नाहीतर वहिनींच्या टाकीवर जाऊन पडेल."