जसे आहे, जिथे आहे

मेहुण्याला धंदा सुचला की आमच्या घरात पहिली चौकशी माझ्या मुदत ठेवीची होते. ती कधी पिकते, मधेच मोडली तर किती व्याज बुडतं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे. या वेळी तो फ्रँचायझी घेऊन आला. म्हणजे अजून घेतलेली नव्हती. ती मी घ्यायची होती.

"दाजी, लोकांनी परत केलेला माल लिलावात विकायचा," तो म्हणाला. "माल फुकटासारखा, गिऱ्हाईक आपोआप, आणि उधारी शून्य."

धंदा असा. लोक ऑनलाइन काहीबाही मागवतात आणि रंग पटला नाही, माप चुकलं, घरी कळलं, अशा कारणांनी परत पाठवतात. परत आलेली प्रत्येक वस्तू उघडायची, तपासायची, पुसून पुन्हा विक्रीला ठेवायची, तर मजुरी वस्तूच्या वर जाते. म्हणून मोठे दुकानदार हा सगळा पसारा पॅलेटवर, म्हणजे लाकडी फळ्यांच्या चौरंगावर, रचतात, प्लॅस्टिकने गुंडाळतात आणि ट्रकच्या ट्रक फुंकून टाकतात. लांबलचक ट्रेलरमध्ये एका थरात अशी २६ पॅलेट बसतात. लिलाववाला तो ट्रक घेतो, एकेका वस्तूचा फोटो वेबसाइटवर टाकतो, बोली चिल्लरीपासून सुरू करतो. जिंकेल त्याने यावं आणि आपलं उचलून न्यावं. हमी नाही, बदली नाही, सगळं 'जसे आहे, जिथे आहे' तत्त्वावर. परत आलेला माल परत घेतला जाणार नाही, ही अट वाचून मला या धंद्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

कंपनीच्या प्रतिनिधीचा फोन आला तेव्हा मी नुसता चौकशी करणारा होतो. बोलणं संपेपर्यंत तो मला 'पार्टनर' म्हणत होता. "सिस्टिम आमची, धंदा तुमचा," तो म्हणाला. पुढे त्याने जे सांगितलं त्यावरून गोदाम माझं, भाडं माझं, कामगार माझे, विमा माझा, आणि फळीवरची पाटी तेवढी त्यांची, असं दिसत होतं. पाटीची फी सुरुवातीला एकदा. मग रॉयल्टी दर आठवड्याला, जाहिरातीचा निधी वेगळा, सॉफ्टवेअरचं भाडं वेगळं.

"रॉयल्टी नफ्यावर ना?" मी विचारलं.

"विक्रीवर, सर. नफा तुमचा खासगी विषय झाला. आम्ही त्यात पडत नाही."

माल कुठून घ्यायचा? त्यांच्याकडूनच. ट्रकमध्ये काय असेल? यादी मिळेल, पण यादी अंदाजे. ट्रक आधी बघता येईल? ट्रक आला की बघालच, सर. पाण्यात म्हैस आणि वर मोल, हे आजवर मी फक्त ऐकलं होतं. इथे म्हशींचे ट्रेलर भरून येणार होते.

मेहुण्याचं म्हणणं, लिलावात मोठी गोष्ट स्वस्तात हाती लागते. मी त्याला रोमची गोष्ट सांगितली. इसवी सन १९३ मध्ये सम्राटाच्याच अंगरक्षकांनी सम्राटाला मारलं आणि साम्राज्य लिलावात काढलं. डिडियस ज्युलियानस नावाच्या श्रीमंत माणसाने प्रत्येक सैनिकामागे २५,००० सेस्टर्स (रोमन नाणी) अशी बोली लावली आणि अख्खं रोम जिंकलं. सहासष्ट दिवसांनी त्यालाही मारलं. परतावा अर्थातच नाही.

मेहुण्याने थोडा विचार केला. "त्याने सिस्टिम नीट फॉलो केली नसणार, दाजी."

मग आम्ही एक चालू फ्रँचायझी बघून आलो. ती दाखवायला कंपनीने निवडली होती, म्हणजे वधूपरीक्षेला कोणता फोटो पाठवतात तसा प्रकार. गोदामात रॅकच्या रांगा, प्रत्येक खोक्यावर बारकोड, आणि काउंटरवर आपला जिंकलेला माल न्यायला आलेली माणसं. जिंकलेल्या माणसांचे इतके पडलेले चेहरे मी एका जागी कधी पाहिले नव्हते. एका गृहस्थांनी कपाट जिंकलं होतं. खोक्यावर छापलं होतं, 'दोनपैकी पहिलं'. दुसरं कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. काउंटरवरच्या मुलाने अतिशय नम्रपणे सांगितलं, की ते ज्याच्या नशिबात आहे त्याच्याकडे गेलं. बाई एक उभ्या होत्या, त्यांनी इस्त्री नव्या किमतीच्या वरच्या भावात घेतली होती. "शेवटच्या मिनिटाला समोरचा सोडतच नव्हता," त्या म्हणाल्या. शेवटच्या मिनिटाला बोली आली की वेळ आपोआप वाढते, अशी सोय या वेबसाइटवर असते. घड्याळ थांबत नाही, आणि भांडण एकदा सुरू झालं की मुद्दा इस्त्रीचा राहत नाही.

यालाही शास्त्र आहे. तेल काढायच्या जागांचे पट्टे लिलावात घेणाऱ्या कंपन्या जिंकूनही का बुडतात, याचा शोध अमेरिकेतल्या तीन इंजिनिअरांनी १९७१ साली मांडला: मालाची नेमकी किंमत कोणालाच माहीत नसेल, तर जिंकतो तो बहुतेक वेळा सर्वांत जास्त चुकलेला माणूस. अर्थशास्त्रात याला विजेत्याचा शाप म्हणतात. हे मी प्रतिनिधीला सांगितलं. तो खूश झाला. "बरोबर सर, त्या शापावरच तर आपला धंदा आहे!" शापाच्या कुठल्या बाजूला फ्रँचायझी घेणारा उभा असतो, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

कागदपत्रं मात्र मी मागवली. अमेरिकेत १९७९ पासून नियमच आहे, की फ्रँचायझी विकणाऱ्याने सही किंवा पैसे घेण्याआधी सगळं उघड करणारा दस्तऐवज द्यायचा. आताच्या नियमात त्याची कलमं २३, आणि वाचायला किमान १४ दिवस. आमच्या कंपनीने तोच साचा उचलला होता. जाडी पाहून मेहुण्याने तो मला 'सावकाश वाचा' म्हणून दिला. त्याने स्वतः फक्त शेवटचं पान वाचलं होतं, सहीचं.

एकोणिसावं कलम कमाईचं. तिथे फक्त एवढंच होतं, की कंपनी कमाईबद्दल काहीही दावा करत नाही. मी फोन लावला. "सर, आकडा लेखी दिला नसेल तर तोंडी सांगायला आम्हाला बंदी आहे," प्रतिनिधी म्हणाला. आणि लगेच, "पण आमच्या एका पार्टनरने परवाच दुसरी गाडी घेतली. मी आकडा सांगितला नाही हं." ती गाडी लिलावातली होती की शोरूममधली, हेही त्याने सांगितलं नाही.

विसावं कलम मला सगळ्यांत आवडलं. गेल्या तीन वर्षांत किती दुकानं उघडली, किती बंद झाली, किती दुसऱ्याच्या गळ्यात गेली, याचा तक्ता. आणि सोडून गेलेल्यांची नावं, फोन नंबर. कंपनीने तिथे प्रामाणिकपणे हेही लिहिलं होतं, की त्यांतल्या काहींनी न बोलण्याच्या करारावर सह्या केल्या आहेत. मी तरी त्यांतल्या एकाला फोन लावला.

"मला बोलायची परवानगी नाही," तो म्हणाला. आणि फोन ठेवलाच नाही.

"कचऱ्याचा खर्च येतो का?" मी विचारलं. पलीकडून इतका लांब श्वास आला, की मी वहीत 'कचरा: भरपूर' असं लिहून टाकलं. न विकलेला माल टाकायलाही पैसे मोजावे लागतात, हे प्रतिनिधीच्या रंगीत सादरीकरणात नव्हतं. "लोक बोली लावून पैसे भरायला येतच नाहीत, असं होतं का?" तो हसला. हसू नये असा करार नसावा. "दहा वर्षांच्या करारातून मधेच सुटायचं म्हटलं तर?" यावर त्याने घरातल्या कोणाला तरी पाणी आणायला सांगितलं. इतकी सविस्तर मुलाखत मला बोलणाऱ्या माणसाने कधी दिली नाही.

हे सगळं वाचून-ऐकून माझा नकार जवळजवळ तयार होता. पण मी तो कळवला नाही, त्याचं कारण वेगळं. मी 'विचार करतोय' म्हटलं की दर फोनला फी थोडी उतरायची. आधी 'फक्त या महिन्यात', मग 'फक्त तुमच्यासाठी', मग 'साहेबांशी भांडून'. फुलांचा डच लिलाव असाच चालतो. किंमत वरून खाली येते आणि जो पहिला हात वर करतो त्याला माल मिळतो. फरक इतकाच, की इथे बोली लावणारा मी एकटाच होतो आणि माझे हात खिशात होते. बायको म्हणाली, असंच चालू राहिलं तर एक दिवस ते आपल्याला पैसे देतील. मेहुणा मात्र अस्वस्थ होता. "दाजी, आपला एरिया दुसरं कोणी उचलेल."

हात खिशात ठेवण्याचं पथ्य त्याला नव्हतं. त्या रात्री वेबसाइटवर एक नवा विभाग दिसला, 'दुकान बंद: फर्निचर व उपकरणं'. लोखंडी रॅक, लेबल छापायचं यंत्र, काउंटर, आणि पाटी. पाटीवर कंपनीचंच नाव. फ्रँचायझी घेणारा गेला होता आणि त्याचं दुकान आता त्याच्याच जुन्या सिस्टिमवर, एकेक नग करून चाललं होतं. मेहुण्याने रॅकवर बोली लावली. समोरच्याने वाढवली. याने वाढवली. घड्याळ पुढे सरकत राहिलं. मध्यरात्रीनंतर तो मला उठवायला आला.

"जिंकलो!"

"आपल्याला रॅक कशाला?"

"धंदा सुरू केला तर लागतीलच ना, दाजी. आणि नाव तुमचं दिलंय, खातं तुमच्या नावाने होतं."

सकाळी प्रतिनिधीचा फोन. आवाजात असा आनंद, जणू घरात लग्न ठरलंय. "अभिनंदन पार्टनर! रॅक तर तुमचे झालेच. तेवढा खर्च आपण फीमधून वजा करू या का?"

आणि फी पुन्हा उतरली.