विज्याचा खाडा

विषय निघाला नव्या कामगार संहितांचा, म्हणजे कामगारांच्या नव्या कायद्यांचा. अण्णांनी पेपर घडी करून मांडीखाली दाबला, म्हणजे आता भाषण.

"कंत्राटी पोरांचं भलं झालंच समजा. आणि अंग मोडून काम करणाऱ्याला कोण काढतंय? तीस वर्षांत माझा एक खाडा नाही."

"अण्णा, तुम्ही पर्मनंट होता," बाळ्या म्हणाला. "तुम्ही पडलात तर रजा लागायची. विज्या पडला तर हजेरी जाते."

विज्या माझा धाकटा भाऊ. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत कंत्राटदाराकडे प्रेस मशीनवर आहे. टीबीच्या गोळ्यांचा दुसरा महिना चालू आहे. सकाळी उपाशीपोटी गोळ्या घेतो, मळमळ थांबेपर्यंत मोरीच्या कठड्याला धरून उभा राहतो आणि तसाच फर्स्ट शिफ्टला निघतो. लघवी केशरी झाली तेव्हा रक्त समजून रडला होता पोरगा. तो औषधाचा रंग निघाला. सुपरवायझरला अजून सांगितलेलं नाही. कळलं तर गेटपास बंद होईल, ही धास्ती.

"घरी बसवा त्याला. दूध, अंडी, आराम," असं म्हणत अण्णांनी आपला चहाचा ग्लास माझ्यापासून हळूच लांब सरकवला.

बाळ्याने ते पाहिलं. माझा उष्टा ग्लास उचलून उरलेला चहा पिऊन टाकला. "हवेतून पसरतो तो, अण्णा, ग्लासातून नाही. आणि दूध-अंड्यांसाठी महिन्याला 1000 रुपये सरकार देतंय. खोलीभाडं कोण भरणार, तुम्ही?"

"पैशाचं तू बोलू नकोस. गणपतीचे माझे दोन हजार—"

"ढोल कोणी फोडला होता त्या वर्षी?"

सगळे हसले. मला हसू येईना. बाळ्या माझ्याकडे वळला. "ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे पैसे, कापतात ना त्याच्या पगारातून?"

कापतात. पगार ईएसआयच्या 21,000 च्या मर्यादेच्या आतच आहे.

"मग सहा महिन्यांत 78 दिवस भरले असतील तर 91 दिवसांपर्यंत 70 टक्के मजुरी मिळते. ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला लागतो. टीबीला त्यापुढेही मिळते, 80 टक्क्यांनी. पण सलग दोन वर्षं नोकरी पाहिजे."

सलग! दर सात महिन्यांनी ब्रेक देतात त्याला, काढायचं आणि पुन्हा घ्यायचं.

"पोराला ब्रेक देतात," बाळ्या म्हणाला, "जंतूला कोण देतो?"

कोणीच बोललं नाही. दोन महिने मी रोज रात्री विज्याला 'जप स्वतःला' एवढंच सांगत होतो. त्याचे भरलेले दिवस मोजायचं एकदाही सुचलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

"उद्या माझी सेकंड शिफ्ट आहे. त्याचं कार्ड आणि पगाराच्या स्लिपा घे, आपण दवाखान्यात जाऊन येऊ," बाळ्या म्हणाला.

अण्णा खाकरले. "माझी स्कूटर न्या. फक्त पेट्रोल भरून आणा."

"न्यायला नेऊ, पण धक्का मारायला माणूस कुठून आणू? विज्या आजारी आहे!"

या वेळी मीही हसलो. अण्णांनी खरंच खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली.