जुन्या लॅपटॉपवर फोर-के: काही अनुभवसिद्ध सूचना

तुमच्या घरी इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम आणि करकर वाजणारी हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप असेल, तर तो अजिबात मोडीत काढू नका. गल्लीत मंडळ असतं, मंडळात पोरं असतात, पोरांच्या खिशात फोर-के, म्हणजे एकदम बारीक तपशिलाचा व्हिडिओ, शूट करणारे फोन असतात, आणि आपल्या बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. तुमची गरज लागणारच. यंदा माझी लागली. ‘दादा, नुस्तं जोडूचंच हाय की ओ, सकाळी स्टेटसला लावूया’ असं म्हणून पोरं पेनड्राइव्ह देऊन झोपायला गेली. पुढच्या वर्षी तुमचा नंबर असेल, म्हणून हे लिहून ठेवतो.

सुरुवात कशी करावी? व्हिडिओची फाइल सरळ पेनड्राइव्हवरूनच डबल क्लिक करून उघडावी. आवाज लगेच येतो, चित्र सवडीनं येतं. माझ्याकडे गारद संपली, टाळ्या पडल्या, पुढच्या मंडळाचा डॉल्बी ऐकू यायला लागला, तरी पडद्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं मागचं चाक तसंच उभं होतं. चाक मात्र फार स्पष्ट होतं. फोर-केच ते.

हे असं का होतं ते समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका. तरी सांगतो. फोर-केच्या एका फ्रेममध्ये, एका स्थिर चित्रात, ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० पिक्सेल, रंगाचे ठिपके. साध्या १०८०च्या, म्हणजे फुल एचडीच्या, बरोबर चौपट. पोरांनी सेकंदाला ६० फ्रेम ठेवलेल्या, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ५० कोटी पिक्सेल. त्यात ते एच.२६५ नावाच्या, व्हिडिओ दाबून लहान करायच्या तंत्रानं दाबलेले. हे तंत्र २०१३ साली आलं. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम आणि मध्ये फक्त काय काय बदललं त्याची नोंद. त्यामुळे फाइल लहान होते, पण मधल्याच एखाद्या फ्रेमवर कात्री चालवायची तर मागची पूर्ण फ्रेम गाठून तिथपासून सगळं उलगडत यावं लागतं. नव्या मशीनमध्ये त्यासाठी चिपमध्येच वेगळी सोय असते; इंटेलमध्ये ती सहाव्या पिढीपासून धड आली, आणि दहा-बिटचा, म्हणजे रंगांच्या जास्त छटांचा, व्हिडिओ असेल तर सातव्या. आपला चौथीतला. तो बिचारा सगळं डोक्यानं करतो. फोर्ट रोडवर मावणारा चित्ररथ बोळात घातल्यावर जे होतं तेच होतं: पुढं जात नाही, मागं घेता येत नाही, आणि सगळे आरडाओरडा करतात.

गंमत अशी की एवढं सोसून माझ्या लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८चा. आलेल्या आठ पिक्सेलमधले सात त्यानं टाकूनच द्यायचे.

एडिटिंगचं सॉफ्टवेअर सगळ्यात नवं आणि सगळ्यात जड घ्या. सोळा जीबी रॅम मागत असेल तर उत्तमच.

लॅपटॉप गादीवर ठेवा. खालच्या जाळीला हवा लागू देऊ नका.

प्रॉक्सी मुळीच करू नका. म्हणजे मूळ फाइलच्या हलक्या, ५४० किंवा ७२०च्या नकला काढायच्या, सगळी कापाकापी त्यांच्यावर करायची, आणि शेवटी एक्स्पोर्ट करताना सॉफ्टवेअरनं आपोआप मूळ फाइल धरायची, असला आळशी लोकांचा मार्ग. ही सोय केडेनलाइव्ह, शॉटकट यांसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येसुद्धा आहे. नकला रात्री लावून झोपलं की सकाळी तयार. पण मग रात्रभर जागल्याचं पुण्य कुठून मिळणार?

सेव्ह करायचं लक्षात ठेवू नका. वैशाखात वळीव येतो, वळीव आला की करंट जातो, आणि ज्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली आहे तो करंटबरोबरच जातो. सगळं पुन्हा पहिल्यापासून करताना हात बसतो.

एवढ्यात निपाणीच्या मावसभावाचा फोन आला तर त्याचाही सल्ला घ्या. तो म्हणेल, ‘नवा घे की.’ त्याला पैसे मागा.

आता खरी कला, म्हणजे शूट करून आणणाऱ्यांची. तुम्ही शूट करणारे असाल तर हे नीट वाचा. फोन उभा धरा, मध्येच आडवा करा, पुन्हा उभा करा. रेकॉर्डिंग सुरू करून फोन खिशात घाला. रात्रीच्या अंधारात, जनरेटरच्या दिव्यात, डिजिटल झूम करून चेहरे टिपा, म्हणजे फोर-केमध्ये फक्त दाणेदार अंधार दिसेल, आणि त्या दाण्यांनी फाइल आणखी फुगेल. सेकंदाला ६० फ्रेम हव्याच. उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला त्याची फार गरज असते. आयफोन असेल तर या सेटिंगला मिनिटाला ४०० एमबी जातात, दहा मिनिटांतच फाइल चार जीबीला टेकते, आणि एफएटी-३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह त्याहून मोठी फाइल घेतच नाही. मग रात्री दीडला फोन करा, ‘काय ओ दादा, कॉपी हुयालाच नाही.’ अर्ध्या क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, त्याही डॉक्युमेंट म्हणून नको, साध्या व्हिडिओ म्हणून, म्हणजे त्यांचा चुरा होऊन येईल. फाइलला नाव देऊ नका. कुठली क्लिप कुठल्या चौकातली ते दादा ओळखतील. दादा काय, दिवसभर मोकळेच. आणि सगळं जोडून, रंग सुधारून, नावं टाकून दिलं की पहिली तक्रार हीच करा की अध्यक्षांचं नाव खजिनदारांच्या नंतर आलंय.

आणि एवढं करून तो व्हिडिओ गेला कुठं? स्टेटसला! व्हॉट्सअ‍ॅपनं दाबून दाबून त्याचं पिठलं केलं, आणि लोकांनी तो बसमध्ये, तळहाताएवढ्या पडद्यावर, आवाज बंद करून, अंगठ्यानं पुढं ढकलत बघितला. फोर-के कुणी बघितलं? एकानंही नाही. कुणाच्या घरी फोर-के टीव्ही आहे, सांगा बरं? असला तरी त्यावर मंडळाची मिरवणूक लावून कोण बसलंय?

आता उपरोध पुरे. सरळ सांगतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन १०८० आणि ३० निवडायला किती वेळ लागतो रे? कुणी शिकवलं तुम्हाला की आकडा मोठा म्हणजे व्हिडिओ चांगला? डॉल्बीला पैसे आहेत, फ्लेक्सला आहेत, त्यावर पंधरा चेहरे छापायला आहेत, आणि एडिटिंग म्हटलं की ‘घरचंच काम हाय की’. हात थरथरत धरलेला, दिव्यात जळलेला, माणसांच्या डोक्यांमागून काढलेला व्हिडिओ फोर-केमध्ये असला म्हणून सुधारत नाही; तो फक्त चौपट वाईट दिसतो. आणि मी तो उघडू शकत नाही म्हणून माझ्या लॅपटॉपला हसता? तो दहा वर्षं घरची बिलं भरतोय, पोरांचे अर्ज भरतोय. त्याचं काम तो नीट करतोय. तुम्ही तुमचं करा. पुढच्या वर्षी १०८०मध्ये आणा, फोन आडवा धरून आणा, कामाच्या तेवढ्याच क्लिप आणा, नावं लिहून आणा. आणि फोर-केच पाहिजे असेल तर ज्या फोनवर शूट केलं त्याच फोनवर जोडा. तुम्ही विसरलात, पण एच.२६५ उलगडायची चिप त्या फोनमध्ये आहे, माझ्या लॅपटॉपपेक्षा तो कितीतरी ताकदवान आहे, आणि तुम्ही तो हप्त्यावर घेतलाय तो काय नुसता रील बघायला? माझ्या दारात पेनड्राइव्ह घेऊन येऊ नका.