मॅकिन्ली हायस्कूलमध्ये प्रवेश घेताय? आधी गळा साफ करा

ओहायोतल्या लायमा गावी, विल्यम मॅकिन्ली हायस्कूलमध्ये नाव घालायचं ठरवलंत? अभिनंदन! शाळेतल्या गायन मंडळाची गोष्ट सांगणारी अमेरिकन मालिका ‘ग्ली’ पाहूनच ठरवलं असणार. फॉक्स वाहिनीवर २००९ ते २०१५ अशी सहा पर्वं आणि १२१ भाग ही मालिका चालली, आणि तेवढ्या काळात त्या शाळेत अभ्यास फारसा कुणी मनावर घेतला नाही. तेव्हा अभ्यासाची काळजी सोडा. खरोखरच सोळा वर्षांचे असाल तर मात्र जपून राहा. वर्गातल्या काही मुलांकडे पाहून तुम्ही चुकून शिक्षकांच्या खोलीत शिरल्यासारखं वाटेल.

बदलायला कपडे न्या. गाणाऱ्या मुलांच्या तोंडावर बर्फाचं रंगीत सरबत फेकायची तिथे रीत आहे. त्याला ‘स्लशी’ म्हणतात. फेकणाऱ्याला शिक्षा होईल अशी आशा धरू नका. पुढच्याच महिन्यात तो तुमच्या शेजारी उभा राहून पंचमात सूर लावत असेल.

आता शुस्टर सर. गायन मंडळाचे, म्हणजे ‘न्यू डिरेक्शन्स’चे, ते गुरू. सर फार हळवे. पहिल्याच भागात त्यांनी फिन नावाच्या फुटबॉलपटूला अंघोळ करताना गाताना ऐकलं. गळा इतका आवडला की सरांनी त्याच्या माथी गांजाची पुडी मारली आणि मंडळात येतोस की शिक्षा भोगतोस, असं प्रेमाने विचारलं. पालकांनी अशा वेळी तक्रार करायची नसते. गुणवत्ता हेरायची पद्धत असते एकेकाची. हेच सर वर्षानुवर्षं स्पॅनिश शिकवत होते. तिसऱ्या पर्वात त्यांना उमगलं की आपल्याला स्पॅनिश धड येत नाही. दुसरीकडे असं झालं असतं तर नोकरी गेली असती. इथे त्यांना इतिहास दिला.

सरांची शिकवण्याची पद्धत सोपी आहे. ते फळ्यावर एक शब्द लिहितात, आणि तो झाला आठवड्याचा धडा. तुमच्या घरात नेमकं त्याच आठवड्यात नेमकं तेच दुःख उपटेल. घाबरू नका, ती सोय लेखकांनी केलेली असते.

दुःख आलं की ते कुणाशी बोलायचं नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. पॅसेजमध्ये उभं राहायचं, लांब कुठेतरी पाहायचं, की वाद्यवृंद आपोआप सुरू होतो. पियानोवाला तर कोपऱ्यात बसलेलाच असतो. तो घरी कधी जातो, जेवतो कधी, याची चौकशी करू नये. शाळेत एकंदर चौकशीची पद्धत नाही. सूर हलला तरी चिंता नसावी, आवाज ऑटोट्यूनच्या (म्हणजे बेसूर आवाज सुरात आणणाऱ्या यंत्राच्या) इस्त्रीखालून कडक होऊनच बाहेर येतो.

एकदा गाणं म्हटलं की मागचं सगळं माफ, हा तिथला खरा कायदा. मंडळातली मुख्य गायिका राचेल बेरी हिचं उदाहरण घ्या. आपल्यापेक्षा वरचढ गाणारी सनशाइन नावाची मुलगी आलेली पाहून तिने तिला चाचणीसाठी म्हणून भलताच पत्ता दिला. तो निघाला नशेबाजांचा अड्डा. भागाच्या शेवटी राचेलने रंगमंचावर एकटीने करुण गाणं म्हटलं. झालं, फाइल बंद. चीअरलीडर मुलींच्या प्रशिक्षक सू सिल्व्हेस्टर यांनी तर त्यांच्यातल्याच ब्रिटनी नावाच्या मुलीला तोफेतून उडवायचा घाट घातला होता. तरी नोकरी शाबूत! जीवशास्त्र हा विषय बहुधा ऐच्छिक असावा. गरम पाण्याच्या टबात एकत्र बसल्यामुळे मूल होणार आहे, असं फिनची मैत्रीण क्विनने त्याला सांगितलं आणि त्याने ते मानलं. त्याला हसू नका. तिकडे सरांच्या पत्नी खोटं पोट बांधून कित्येक आठवडे गरोदर म्हणून वावरत होत्या आणि सरही ते मानत होते.

तुम्ही म्हणाल, पण ही मालिका तर वाळीत टाकलेल्या मुलांची आहे ना? हो तर. म्हणून तर प्रत्येकाला जागा ठरवून दिली आहे. मधे राचेल आणि मागे बाकीचे. मर्सिडीजचा गळा खणखणीत, म्हणून तिला गाण्याच्या अगदी शेवटी एक उंच तान मिळते. तोवर तिने झील धरायची. आर्टी चाकाच्या खुर्चीत. त्याला नाचायचं असेल तर स्वप्नात. क्विनला अपघातानंतर अशीच खुर्ची आली, पण ती शाळा संपायच्या आत उठून नाचलीसुद्धा. एवढं बरं व्हायचं असेल तर आधी सोनेरी केस असलेले बरे. टीना आणि माइक यांना सू बाई ‘आशियाई’ आणि ‘दुसरा आशियाई’ म्हणतात. हा विनोद असतो. हे बोलणारी बाई वाईट आहे हे आपल्याला आधीच ठाऊक, म्हणजे लेखकांवर बालंट नाही आणि हशा मात्र त्यांचा. अशी युक्ती सुचायला प्रतिभा लागते, मी तर हात जोडतो.

गायन मंडळांच्या स्पर्धा असतात, त्यांची तयारी करू नका. पहिल्या वर्षी प्रतिस्पर्ध्यांनी यांची गाणीच ढापली, तर यांनी ऐन वेळी नवी उभी केली आणि जिंकले. दुसऱ्या वर्षी न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय फेरीला जाऊन हॉटेलच्या खोलीत गाणी लिहायला बसले. तिथे बारावे आले, पण त्याचं कारण तयारीचा अभाव नव्हे हं. फिन आणि राचेलने भर मंचावर चुंबन घेतलं म्हणून.

गाणी ढापणं वाईट, असं मात्र सरसकट म्हणू नका. जोनाथन कूल्टन या गायकाने एका जुन्या रॅप गाण्याला लावलेली संथ चाल २०१३ साली मालिकेत जशीच्या तशी वाजली. श्रेयनामावलीत त्याचं नाव कुठे नव्हतं. त्याने मग तीच आपली चाल ‘ग्लीच्या धर्तीवर’ म्हणून विकायला काढली. दुसऱ्यांची गाणी गाऊन मोठं होता येतं यावर शंका असेल तर हे ऐका: अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड ‘हॉट १००’ यादीत सर्वाधिक गाणी पोचवण्याचा एल्व्हिस प्रेस्लीचा विक्रम ‘ग्ली’च्या मंडळींनी २०११ मध्येच मोडला आणि पुढे आकडा २०७ वर नेला. रॅपर ड्रेकला तो ओलांडायला २०२० उजाडलं.

शाळा सोडल्याचा दाखला मिळाला तरी सामान बांधू नका. सगळे परत येतात. राचेल न्यूयॉर्कला गेली, तिथल्या ब्रॉडवे रंगभूमीवर प्रमुख भूमिका मिळाली, ती टीव्हीसाठी सोडली, टीव्हीवर आपटली आणि सहाव्या पर्वात पुन्हा लायमात गायन मंडळ उघडायला हजर. पुढे २०२० साली तिला रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळतो म्हणे. त्याच वर्षी अमेरिकेच्या उपाध्यक्षपदी कोण असतं? सू सिल्व्हेस्टर! तेव्हा प्रवेश अर्जात ‘भविष्यातील ध्येय’ हा रकाना आला की लाजू नका. वर्तणुकीचा दाखला तिथे कुणी मागत नाही.