स्पेकप्रमाणे केलं, तरीही

तिकडे भारतात एखादा अपघात झाला की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडतात. एकाच्या मते चालवणाऱ्याची चूक, दुसऱ्याच्या मते सॉफ्टवेअरचा बग. जर्मनीत अकरा वर्षं मी औषध सोडणाऱ्या इन्फ्युजन पंपांवर काम करतोय. हा वाद वाचताना मला वेगळाच प्रश्न छळतो: यंत्रानं काय करायचं हे ठरवलं कुणी, आणि कुणाला विचारून?

14 सप्टेंबर 1993 रोजी वॉर्साच्या ओल्या धावपट्टीवर लुफ्तान्साचं ए320 विमान उतरलं. बाजूचा वारा गृहीत धरून वैमानिकांनी ते उजवीकडे कलतं ठेवलं होतं. उजवी चाकं टेकली, डावी नऊ सेकंदांनी. दोन्ही बाजूंच्या चाकांवर भार आल्याशिवाय रिव्हर्सर, म्हणजे इंजिनाचा झोत पुढे वळवून विमानाचा वेग कमी करणारी झडपं, उघडायचे नाहीत, अशी सॉफ्टवेअरला अट होती. ते उघडले नाहीत. विमान धावपट्टीबाहेर गेलं, दोघांचा जीव गेला. वेग जास्त होता, वाऱ्याची माहिती जुनी होती, हे खरंच. पण कोडनं सांगितलं तेच केलं. आणि अटही वेडगळ नव्हती. 1991 मध्ये लाउडा एअरच्या विमानाचा रिव्हर्सर हवेतच उघडला आणि 223 माणसं गेली. कललेलं विमान एका पायावर टेकेल, हे मात्र त्या अटीत नव्हतं.

आमच्या पंपाचा अलार्म चुकून बंद होऊ नये, म्हणून बटण तीन सेकंद दाबून धरायचं अशी अट आम्ही लिहिली होती. एका रात्रपाळीत वॉर्डात उभा राहिलो. सिस्टरचे दोन्ही हात पेशंटला कुशीवर वळवण्यात गुंतलेले, अलार्म ओरडतोय, ती कोपरानं बटण दाबतेय. कोपर तीन सेकंद टिकेना. शेजारच्या पंपाकडे पाहिलं, तर स्पीकरवर चिकटपट्टी. आमच्याच अटीनं अलार्म मुका केला होता.

इथली माणसं जास्त शहाणी आहेत असं नाही. फॉर्म भरून मोकळं होणारे इथेही आहेत. पण वॉर्डात उभं राहायला मला पगारी वेळ मिळतो. तिकडचे सहकारी माझ्याहून चांगला कोड लिहितात, पण त्यांच्या हाती यंत्रानं काय करायचं याची आधीच पक्की झालेली यादी, म्हणजे स्पेक, पडते, आणि ‘स्पेकप्रमाणे केलंय’ हे ते प्रामाणिकपणे सांगतात. ही पद्धतच मला मनापासून चुकीची वाटते.

गेल्या महिन्यात त्यांच्यातल्या एकीनं कॉलवर विचारलं, “रात्री दिवे मंद असताना सिस्टर डोसाचा आकडा वाचते कशी?” आमच्या कागदांत उत्तर नव्हतं. आता ती तिच्या जवळच्या हॉस्पिटलात एक रात्र काढणार आहे. परवानगीचं पत्र मी कालच लिहून दिलंय.