त्या आठ पिच पिचरच्या आहेत, बॅटरच्या नाहीत

आजची बेसबॉलची मॅच बघून आलो आणि डोकं अजून तापलेलंच आहे. चौथ्या इनिंगमध्ये पिचर (बॉल टाकणारा) बदलला. नवा मुलगा माउंडवर, म्हणजे पिचरच्या मातीच्या उंचवट्यावर, वॉर्मअपच्या पिच (फेकी) टाकत होता आणि समोरच्या टीमचा बॅटर प्लेटपासून (बॅटिंगच्या जागेपासून) दोन पावलांवर उभा राहून प्रत्येक पिचला बॅट फिरवत टायमिंग जुळवत होता. अंपायर गप्प. डगआउट (टीमची बसायची जागा) गप्प.

अरे, त्याची जागा ऑन-डेक सर्कलमध्ये, पुढच्या बॅटरने थांबायच्या गोलात! अमेरिकन हायस्कूलच्या नियमांत नव्या पिचरला एका मिनिटात जास्तीत जास्त आठ पिच मिळतात, पुढच्या इनिंगला पाचच. तेवढ्यात त्याला माउंडचा उतार पायात बसवायचा असतो. आधीच्या पिचरचा पाय जिथे पडत होता तिथे खड्डा झालेला असतो, तो याच्या पावलाला जुळत नाही, बुटाने माती ओढून बुजवावा लागतो. शिवाय कुठली पिच येणार हे तो कॅचरला (प्लेटमागे बॉल झेलणाऱ्याला) ग्लोव्हने सांगतो: पुढे ढकलला तर फास्टबॉल (वेगवान), मनगट खाली वळवलं तर कर्व्ह (वळणारी), स्वतःकडे ओढला तर चेंजअप (मुद्दाम हळू). प्लेटजवळचा बॅटर हे सगळं फुकटात वाचतो.

आज सहावी पिच कर्व्ह होती. हातातून सुटली, टप्पा पडून बॅटरच्या गुडघ्याला घासून गेल्यासारखी गेली. आणि लोक हसले! पोराने शेवटच्या दोन पिच नुसत्या ढकलल्या. खेळ सुरू झाल्यावर पहिल्याच बॅटरला वॉक, म्हणजे चुकीच्या पिचमुळे फुकटचा बेस. आता बोला.

वेळेचं भान हवं, मान्य. पण पिचर अचानक जखमी झाला तर बदली पिचरला किती पिच द्यायच्या हे नियमानेच अंपायरवर सोडलंय. ते उगाच नाही. थंड खांद्याने जोर लावला की भार कोपराच्या आतल्या लिगामेंटवर जातो.

म्हणून सुरुवातीच्या पिचरला साधारण 40 मिनिटं आधी मोकळं सोडा. घाम फुटेपर्यंत जॉगिंग, रबर बँडने खांदा, मग अंतर वाढवत कॅच. माउंड सगळ्यात शेवटी, तिथे 25-30 पिच पुरतात. कॅचर आधी उभा, नंतर बसलेला. फास्टबॉल अर्ध्या जोरापासून चढवत न्यायची, मग चेंजअप, कर्व्ह त्यानंतरच. बरेच जण सुरुवातच कर्व्हने करतात आणि मग तिसऱ्या इनिंगला कोपर धरून बसतात. सगळं झाल्यावर लगेच जॅकेट घालायचं.

पिचर आणि कॅचरच्या मधून जायचं नाही, पिचरच्या मागून जा. बुलपेन (पिचरची वॉर्मअपची जागा) फाउल लाइनला (मैदानाच्या बाजूच्या रेषेला) लागून असेल तर ग्लोव्ह घातलेला एक जण प्लेटकडे तोंड करून उभा हवाच, कारण त्या दोघांचं लक्ष मॅचमध्ये नसतं. आणि कॅचरला वॉर्मअपलाही मास्क. हो, वॉर्मअपलाही.

तो बॅटर पंधरा वर्षांचा असेल. त्याला बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नसेल, त्याच्यावर राग नाही. राग आहे तो कुंपणाला टेकून हसणाऱ्या मोठ्यांवर. कॅचरने तरी बॉल हातात धरून ठेवायचा होता. बॅटर सर्कलमध्ये जाईपर्यंत परत द्यायचाच नाही, मग अंपायरला हलावंच लागतं.